बेळगावात वायुदाब ९२४ का दाखवतो? बॅरोमीटर, हवेचे थर आणि आपली उंची

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. भिंतीवर लावायला डायलचं ॲनेरॉइड बॅरोमीटर आणलंय आणि ताडून बघायला बीएमपी २८० हा हवेचा दाब मोजणारा सेन्सर जोडलाय. सेन्सर ९२४ हेक्टोपास्कल म्हणतो, त्याच वेळी हवामानाचं ॲप १००७ म्हणतं आणि शाळेच्या पुस्तकात १०१३ लिहिलंय. डायलचं स्केल तर ९६० पासूनच सुरू होतं, काटा पार डावीकडं जाऊन टेकलाय. यातला खरा आकडा कुठला आणि डायल कशावर लावायचा, तेवढं सांगा.

वायुभार

तिन्ही खरे आहेत, फक्त तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

९२४ हा तुमच्या घरातला प्रत्यक्ष दाब. तुमच्या डोक्यावर वातावरणाच्या टोकापर्यंत जेवढी हवा आहे तिचं वजन: दर चौरस मीटरला सुमारे ९.४ टन. समुद्रकाठी हेच वजन १०.३ टनांच्या आसपास असतं. सांबरा विमानतळाची उंची ७५८ मीटर. तेवढ्या उंचीपर्यंतची हवा आपल्या पायाखाली राहिली, म्हणून तिचं वजन आपल्यावर येत नाही. प्रमाणित वातावरणाच्या सूत्रात ७५८ मीटर घातले की ९२५ येतात. म्हणजे सेन्सर एकदम चोख चाललाय.

१०१३.२५ हे समुद्रसपाटीचं ठरवून घेतलेलं प्रमाण आहे. ते मोजमाप नव्हे, आजच्या हवेशी त्याचा संबंध नाही.

१००७ म्हणजे बेळगावचा दाब हिशेबाने समुद्रसपाटीला उतरवून काढलेला आकडा. पणजी, बेळगाव, विजापूर यांचे दाब एका नकाशावर मांडायचे तर उंचीचा फरक आधी काढून टाकावा लागतो. नाहीतर सगळा नकाशा डोंगरांचाच होईल, हवामान दिसणारच नाही.

उतरवायचं सूत्र:

समुद्रसपाटीचा दाब = प्रत्यक्ष दाब ÷ (१ − ०.००६५×उंची ÷ (तापमान + ०.००६५×उंची + २७३.१५)) चा ५.२५७ वा घात

उंची मीटरमध्ये, तापमान बाहेरचं, सेल्सिअसमध्ये. यात गोची तापमानाची आहे. प्रत्यक्ष दाब तोच ९२४ ठेवून बघा: बाहेर १५ अंश असतील तर १०१०.१ येतात, २५ ला १००७.१, ३५ ला १००४.४. हवा तीच, वजन तेच, तरी उत्तर पावणेसहानं हललं. कारण आपल्या पायाखाली हवा नाहीच, दगडमाती आहे. तिथं हवा असती तर किती भरली असती, याचा तो अंदाज आहे आणि गार हवा जड धरली जाते. म्हणून सेन्सर पत्र्याखाली तापत असेल आणि त्याचंच तापमान सूत्रात गेलं, तर दुपारी दाब फुकाचा पडलेला दिसतो. तापमान सावलीतलं द्या. शक्य असेल तर आत्ताचं आणि बारा तासांपूर्वीचं, दोन्हींची सरासरी द्या.

विमानतळाच्या हवामान अहवालातला क्यूएनएच (विमानाचा उंचीमापक लावायला दिलेला समुद्रसपाटीचा दाब) पुन्हा वेगळा. त्यात बाहेरचं तापमान घेतच नाहीत, प्रमाणित वातावरणच धरतात. ९२४ ला तो १०११.७ च्या आसपास येईल. ॲप आणि क्यूएनएच यांत चार-पाचचा फरक दिसला तर सेन्सरला दोष देऊ नका.

सर्किटवाला_शहापूर

सेन्सरबद्दल थोडं जोडतो. बीएमपी २८० ला जास्तीत जास्त ३.६ व्होल्ट चालतात. ३.३ वरच लावा. पाच व्होल्टच्या आर्डुइनो बोर्डला जोडायचं असेल तर रेग्युलेटर आणि लेव्हल शिफ्टर (तारांवरचे व्होल्ट जुळवून देणारा भाग) असलेलं मॉड्यूल घ्या. नुसत्या मॉड्यूलच्या आकडे नेणाऱ्या एसडीए-एससीएल तारांवर पाच व्होल्ट गेले की सेन्सर लगेच मरत नाही, हळूहळू भलते आकडे देऊ लागतो आणि चूक सापडता सापडत नाही. प्रोग्रॅमला सेन्सरच सापडत नसेल तर एसडीओची पिन बघा: ती ग्राउंडला असेल तर सेन्सरचा पत्ता हेक्समध्ये ७६, पुरवठ्याला असेल तर ७७.

याची अचूकता साधारण एक हेक्टोपास्कल इकडंतिकडं आहे, तेवढा कायमचा फरक एकदा ताडून प्रोग्रॅममध्ये वजा करून टाका. डबी हवाबंद करू नका, खालच्या बाजूला बारीक भोक ठेवा. वाऱ्याचा झोत थेट भोकावर आला की आकडा थरथरतो आणि ऊन थेट चिपवर पडलं तरी बिघडतो. प्रोसेसरच्या अगदी शेजारी बसवला तर दोन-तीन अंश जादा तापमान दाखवतो, ते वर सांगितलेल्या सूत्रात गेलं की झालंच.

उंची नीट घाला. ७५८ च्या जागी ७०० घातले तर उत्तर साडेसहानं कमी येतं. फोनच्या जीपीएसची उंची सरळ उचलू नका, काही फोन समुद्रसपाटीपासूनची उंची न देता पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची देतात आणि दक्षिण भारतात त्या दोन्हींत कित्येक मीटरांचा फरक पडतो. भूमापनाच्या नकाशावरची समोच्च रेषा बघा.

वायुभार

बरोबर. आता डायल. आत हवा काढून घेतलेली पातळ धातूची लाटालाटांची डबी असते. बाहेरचा दाब वाढला की ती दबते, तिची हालचाल तरफ आणि बारीक साखळीनं काट्याला जाते. मागच्या पत्र्यात एक भोक असतं, त्यात स्क्रू. तो फिरवला की काटा सरकतो.

लावताना वादळी दिवस नको, वारा पडलेला शांत दिवस बघा. सकाळी दहा-साडेदहाला, दाब शिगेला असतो आणि थोडा वेळ स्थिर राहतो तेव्हा, समुद्रसपाटीचा आकडा काढून ठेवा, काटा त्यावरच आणायचा. डायल ज्या जागी टांगणार तिथंच उभं धरा, आडवं ठेवून लावू नका, काट्याच्या वजनानं फरक पडतो. बारीक पेचकसानं एका वेळी पाव आटा फिरवा, काचेवर बोटानं हलकी टिचकी मारा, काटा बसू द्या, मग पुढचा पाव आटा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बघा.

अडचण अशी की घरगुती डायल बहुतेक सपाटीच्या गावांसाठी बनवलेली असतात आणि आपल्याला काटा ८० च्या वर सरकवायचाय. काहींचा स्क्रू तेवढा पोचतच नाही. घट्ट लागला की तिथंच थांबा. जोर केला तर साखळी सुटते किंवा डबीचा ताण जातो आणि मग काटा हलतो पण दाबाप्रमाणे नाही. अशा वेळी डायल बदलून घ्या. विकत घेतानाच ‘किती उंचीपर्यंत जुळतं’ हे विचारायचं, एक हजार मीटर लिहिलेलं असेल तर बेळगावला चालतं.

येळ्ळूर_शिवार

डायलवर रेन, चेंज, फेअर लिहिलेलं असतं ते आमच्या पावसाला लागू पडतं काय? काटा दुपारी रोज खाली येतोय. पाऊस मात्र येतोच असं नाही.

वायुभार

नाही की, लागू पडत नाही. ते शब्द युरोपच्या हवेसाठी आहेत. तिथं चार-आठ दिवसांत दाब तीस-चाळीसनं वरखाली होतो. आपल्याकडं वर्षभराचा नेहमीचा चढउतार त्यामानानं फार थोडा: थंडीत जास्त, जून-जुलैत कमी.

रोजची उतरण ही पावसाची खूण नव्हे, ती वातावरणाची भरती-ओहोटी आहे. सकाळी दहाच्या सुमारास भरती, दुपारी चारच्या सुमारास ओहोटी, रात्री दहाला परत भरती, पहाटे चारला परत ओहोटी. दुपारची ओहोटी खोल, पहाटेची उथळ. कोरड्या दिवसांत सकाळ-दुपारचा फरक तीन-चार हेक्टोपास्कलपर्यंत जातो. समुद्राची भरती चंद्रामुळं येते, ही सूर्याच्या उष्णतेमुळं. वर ओझोन आणि खाली पाण्याची वाफ ऊन शोषून घेतात, हवा तापते-निवते आणि त्याची लाट पृथ्वीभर फिरते. तीस-चाळीस किलोमीटर वर ओझोन तापतो त्याचा परिणाम तुमच्या भिंतीवरच्या काट्यावर दिसतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

म्हणून वहीत एकाच ठरल्या वेळेचा आकडा लिहा आणि कालच्या त्याच वेळेशी ताडा. चोवीस तासांत तीनहून जास्त उतरला तर अरबी समुद्राचा नकाशा उघडून बघण्याजोगं कारण आहे. वळवाच्या पावसाला मात्र हा काटा उपयोगी नाही, ते ढग दोन-तीन तासांत तयार होऊन मोकळे होतात.

मराठी_शाळा_खानापूर

सर, मुलांना शिकवताना दोन ठिकाणी अडायला होतं. पुस्तकात पाऱ्याची उंची ७६० मिमी, आपल्याकडं किती? आणि वर गेल्यावर ऑक्सिजनचं प्रमाण कमी होतं असं लिहावं का?

वायुभार

ताई, बेळगावात पारा ६९३ मिमीवर थांबेल, सपाटीपेक्षा ६७ मिमी कमी. मुलांना याची गोडी लावायची असेल तर पास्कलचं उदाहरण द्या. १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याच्या मेव्हण्यानं, पेरिएनं, फ्रान्समधल्या प्युई द डोम डोंगरावर पाऱ्याची नळी नेली. पायथा आणि माथा यांत सुमारे ८५ मिमीचा फरक पडला. हवेला वजन आहे आणि उंचीबरोबर ते घटतं, हे तिथं सिद्ध झालं. वर्गात पारा वापरू नका, वाफ विषारी असते. सेन्सर घेऊन शाळेच्या गच्चीवर जा. आपल्या उंचीवर साधारण साडेनऊ मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल उतरतो, तीन मजल्यांत मुलांना डोळ्यांनी दिसतो.

ऑक्सिजनचं ‘प्रमाण’ कमी होतं असं लिहू नका. कोरड्या हवेत नायट्रोजन ७८.०८ टक्के, ऑक्सिजन २०.९५, आरगॉन ०.९३ आणि कार्बन डायऑक्साइड ०.०४ च्या जरा वर. हे प्रमाण पणजीला, बेळगावला आणि एव्हरेस्टवरही तेच. ऐंशी-शंभर किलोमीटरपर्यंत हवा सतत घुसळली जाते, म्हणून जड-हलके वायू वेगळे होत नाहीत. कमी होतो तो दाब. ऑक्सिजनचा वाटा सपाटीला २१२ हेक्टोपास्कल, आपल्याकडं १९४ च्या आसपास.

बदलते ती पाण्याची वाफ. जुलैत बाहेर २२ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असेल तर वाफेचा दाब २५ हेक्टोपास्कल, म्हणजे हवेचा २.७ टक्के भाग. मार्चच्या दुपारी ३४ अंश आणि २० टक्के असेल तर जेमतेम १.१ टक्के. आणखी एक: दमट हवा कोरडीपेक्षा हलकी असते. पाण्याच्या रेणूचा भार १८, हवेच्या रेणूंचा सरासरी २९. ‘दमट हवा जड’ हे मुलांच्या डोक्यात आधीच बसलेलं असतं, ते मुद्दाम काढा.

खानापूर_मळा

विहिरीवरच्या मोटरीला पण हाच हिशेब लागतो, ते कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. काठावरचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) पाणी ओढत नाही. तो पाइपातला दाब कमी करतो आणि विहिरीतल्या पाण्यावरची हवा पाणी वर ढकलते. हवेत जेवढा जोर, तेवढंच पाणी चढणार. सपाटीला तो जोर १०.३ मीटर, आपल्याकडं ९.४. नव्वद सेंटीमीटर, म्हणजे तीन फूट इथंच गेले.

उरलेल्या ९.४ मधून पाण्याच्या वाफेचे ०.३ वजा करा, पाइप, बेंड आणि फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) यांचं घर्षण साधारण ०.८, पंपाच्या तोंडाशी लागणारा दाब दोन-सव्वादोन मीटर (हा पंपाच्या कागदावर असतो). हाती सहा मीटर राहतात. म्हणून इथं पाणी पंपाच्या मध्यापासून वीस फुटांच्या आत हवं. पंपाच्या डब्यावरचा सक्शनचा (पाणी किती खालून उचलेल तो) आकडा सपाटीचा असतो, त्यातून तीन फूट आधी काढा.

पाणी कमी मारत असेल तर आधी सक्शनवर व्हॅक्युम गेज लावा. सहा मीटर उचल आणि घर्षण मिळून ते पाऱ्याचे ५०० मिमी दाखवेल. ६०० च्या वर गेलं आणि पंपात खडखड आवाज आला, तर पाणी पंपाच्या तोंडाशीच उकळून वाफेचे बुडबुडे फुटताहेत. तसंच चालवलं तर पंपाच्या आतल्या पंख्याला खड्डे पडतात. फुटव्हॉल्व्हची जाळी साफ करा, सक्शनचा पाइप डिलिव्हरीपेक्षा एक साइज मोठा घाला, बेंड कमी करा. उलट गेज फारच कमी दाखवत असेल आणि प्रायमिंग टिकत नसेल तर कुठून तरी हवा शिरतेय: कपलिंगचं रबर, ग्लँडची दोरी, नाहीतर फुटव्हॉल्व्ह पाण्याच्या वर आलाय. तो पाण्याखाली किमान दोन फूट तरी ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की पंप विहिरीतल्या कट्ट्यावर उतरवायचा नाहीतर पाणबुडी मोटर टाकायची. पाणबुडी खालून ढकलते, तिला ही मर्यादा नाही.

निपाणी_गुऱ्हाळ

गुळाचंही सांगतो. पुस्तकात पाक ११८ अंशाला उतरवा असं असतं, ते सपाटीच्या दाबाचं. बेळगावच्या उंचीला साधं पाणीच ९७.५ ला उकळतं, तर पाकही अडीच अंश आधीच त्या घट्टपणाला येतो. थर्मामीटरवर ११८ ची वाट बघत बसलात तर काहील पुढं जाते, गूळ काळवंडतो आणि कडक होतो. रोज सकाळी त्याच थर्मामीटरनं आधी साधं पाणी उकळून बघायचं, १०० पासून किती कमी आलं तेवढं पुस्तकातल्या आकड्यातून वजा करायचं. थर्मामीटरची स्वतःची चूकही यातच निघून जाते. काकवीला पण तेच, पुस्तकात १०५-१०६ असेल तर इथं १०३ च्या आसपास. गुळव्या गार पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो त्याला हे काही लागत नाही, गोळी दाब विचारत नाही. आकड्यावर चालणाऱ्या नव्या लोकांनी मात्र लक्षात ठेवा.

टिळकवाडीकर

हे उत्तम झालं. कुकरचं पण असंच काय? आणि गोव्याला उतरताना गाडीच्या टायरचं?

सर्किटवाला_शहापूर

कुकरची शिट्टी बाहेरच्या हवेवर सुमारे एक बार जादा दाब धरते. आत सपाटीला १२०.४ अंश, इथं ११९. फरक दीडच्या आत, म्हणून डाळ कुकरला लावली की उंची फारशी जाणवत नाही. उघड्या पातेल्यात अडीच अंशांचा फरक जाणवतो.

टायरचं गेजही बाहेरच्या हवेपेक्षा किती जादा तेवढंच दाखवतं. बेळगावात ३२ भरलं आणि चोर्ला घाटानं खाली गेलात तर नुसत्या उंचीमुळं सव्वा पीएसआय कमी दिसेल. पण खाली उकाडा असतो, दहा अंश वाढले की दीड पीएसआय वाढतो. दोन्ही एकमेकांना खातात. टायर गार असतानाच मोजा.

मराठी_शाळा_खानापूर

थरांबद्दल पण लिहा की सर. तपांबर, म्हणजे जमिनीलगतचा थर, बारा किलोमीटर असं शिकवतो, चालतं का?

वायुभार

बारा ही साऱ्या पृथ्वीची ढोबळ सरासरी. ध्रुवाकडं आठ, आपल्या डोक्यावर सोळा-सतरा. उष्ण प्रदेशात हवा जास्त फुगते आणि ढग जास्त उंच ढकलते. गंमत अशी की त्यामुळं सर्वांत गार तपस्तब्धी (तपांबराचा माथा) ध्रुवावर नसून आपल्याच डोक्यावर असते, उणे ७५ ते ८० अंश. तपांबरात दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश उतरत वर जायचं, तर जितकं उंच तितकं गार. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते. वळवाचा ढग तिच्या कितीतरी वर जातो, तिथं गारा वाढतात.

त्याच्या वर स्थितांबर, सुमारे पन्नास किलोमीटरपर्यंत. तिथं ओझोन अतिनील किरण शोषतो, म्हणून वर जाताना तापमान वाढतं. वर गरम आणि खाली गार असल्यानं तिथली हवा उलथत नाही, ढगाचा माथा तपस्तब्धीला टेकून ऐरणीसारखा पसरतो तो याच कारणानं. तेसरां द बोर यानं फुग्यातली उपकरणं तपासून १९०२ मध्ये हा थर जाहीर केला. पुढं ८५ किलोमीटरपर्यंत मध्यांबर, मग उष्णांबर. वस्तुमानाच्या हिशेबात मात्र हे वरचे थर नगण्य: निम्मी हवा साडेपाच किलोमीटरच्या खाली, नव्वद टक्के सोळाच्या खाली, ९९ टक्के एकतीसच्या खाली. बेळगावात उभं राहिलं की पावणेनऊ टक्के हवा आपल्या पायाच्या पातळीखाली गेलेली असते.

घाटाचा हिशेबही मुलांकडून करून घ्या. कोकणात २९ अंश आणि दवबिंदू २५ असेल तर फरक ४, दर अंशाला १२५ मीटर, म्हणजे ५०० मीटरवर ढगाचा तळ. घाटमाथा त्याहून उंच. म्हणून जांबोटी-चोर्ल्याला जे धुकं म्हणतात ते खालून बघणाऱ्याला ढग असतं. पाचशेपर्यंत दर किलोमीटरला ९.८ अंशांनी, त्यापुढं वाफेची उष्णता सुटते म्हणून चारच्या आसपास असं उतरत गेलं की ७५८ मीटरला २३ अंश येतात, आपल्या जुलैच्या तापमानाच्या जवळच. पाणी घाटावरच पडून जातं, खानापूर भिजतं आणि अथणी कोरडी राहते.

टिळकवाडीकर

शेवटचं एक. वाऱ्याच्या ॲपमध्ये ९५० हेक्टोपास्कल पातळी निवडली की बेळगावावर जोराचा वारा दाखवतो, बाहेर पान हलत नाही.

वायुभार

९५० ची पातळी, म्हणजे हवेचा दाब ९५० असतो ती उंची, पावसाळ्यात सुमारे ५१० मीटरवर येते, म्हणजे आपल्या जमिनीच्या अडीचशे मीटर खाली. तिथं हवाच नाही, मॉडेल आजूबाजूवरून आकडा भरतं. बेळगाव, खानापूरसाठी १००० आणि ९५० कधी बघू नका. ९२५ म्हणजे आपली जमीनच, तोही आकडा जमिनीच्या घर्षणात अडकलेला असतो. खरा उपयोगाचा ८५० चा, सुमारे १४८० मीटरवर, आपल्या डोक्यावर सातशे मीटर. जून-जुलैत तिथं पश्चिमेचा वारा जोरात असेल तर घाटावर पाऊस धरतो. त्याच्या जोडीला ७०० ची आर्द्रता बघा, तीनेक किलोमीटरवरची. गोव्याच्या हवामान केंद्रातून सकाळ-संध्याकाळ साडेपाचच्या निरीक्षणासाठी फुगा सुटतो, त्याच्या तक्त्यात ९२५ ची ओळ शोधा: तिथं लिहिलेली उंची पावसाळ्यात ७४५ च्या आसपास, थंडीत ८०० च्या जवळ असते. ती ओळ ७५८ च्या खाली गेली की तुमचा सेन्सर ९२५ च्या खाली जाईल, वर गेली की वर. डायल ताडायचं असेल तर ॲपपेक्षा ही ओळ घ्या.